हक्काचा शिक्का

प्रताप टिपणीसने युरोप ट्रिपच्या स्लाइड्स बघायला मित्रमंडळींना मॅनहॅटनजवळच्या आयसेलिनमधल्या घरी बोलावलं, तेव्हाच त्याची बायको सुनेत्रा ‘कशाला उगाच’ म्हणाली होती.

सत्त्याऐंशी सालच्या जूनमधली ही ट्रिप. भारतीय पासपोर्टवर प्रत्येक देशाचा वेगळा व्हिसा, म्हणून तिच्या नवऱ्याने सहा वेळा सुट्टी टाकून मॅनहॅटनमधल्या वकिलातींच्या खेपा घातल्या होत्या. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून फ्रान्सचा व्हिसा तर जानेवारीतच काढून ठेवला होता.

“जर्मनी संपली, फ्रान्स आला,” प्रताप रंगात येऊन सांगत होता, “आणि बॉर्डरवरचा पोलीस आमच्या टूरच्या बसला नुसता हात करतो, जा म्हणून! म्हणे, आता सीमा खुल्या करतायत. मी म्हटलं, अरे यार, एवढी खटपट करून व्हिसा काढला, तो बघायचासुद्धा नाही? बस थांबवली, खाली उतरलो आणि पासपोर्ट त्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, स्टॅम्प मार!”

सगळे हसले. भिंतीवर बॉर्डरची चौकी आली. मग तीच चौकी मागून. मग चौकीतलं बाकडं, त्यावर कपाळाला हात लावून बसलेली सुनेत्रा.

“भावजी, आयफेल टॉवर कधी येणार?” पाहुण्यांतल्या नंदाने न राहवून विचारलं. “आणि स्टॅम्प मारला का त्याने?”

प्रताप एकदम प्रोजेक्टरशी खुडबुड करायला लागला.

“मारला ना,” सुनेत्रा म्हणाली.



“व्हिसा एप्रिलमध्येच संपला होता. ‘प्रवेश नाकारला’ असा मारला.”