मॅडमचा खुलासा

नाल्यात पालक धुणाऱ्या एका बाईचा व्हिडिओ भीमपूरच्या शाळेतल्या प्रतिभा मॅडमनी गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ही आपली मथुराबाईच दिसते." त्या दिवसापासून बाजारात मथुराबाईच्या भाजीकडे कुणी फिरकेना.

चौथ्या दिवशी ती मॅडमच्याच दारात आली. "कोनं टाकलं काय मालूम, मॅडम! मी तं बोरच्या पान्यानं धुतो भाजी. तुमचं लोकं आयकतात, तुमीच लिवा न."

मॅडमना मान वर करवेना. त्यांनी तिथंच लिहिलं, "व्हिडिओतली बाई मथुराबाई नाही. खात्री न करता मीच नाव घेतलं. माफ करा." मग तिला ते वाचून दाखवलं.

मिनिटभरात ग्रुपवर उत्तर आलं, "मॅडमचा फोन हॅक झालेला दिसते. कोनी विश्वास ठेवू नका."