चौथी मेख

भिवराबाईनं पदराला तीनदा हात पुसले, मगच पहिला कागद उचलला.

राणीसावरगावच्या आपल्या घराच्या ओसरीवर चित्रकार अमृतराव कॉलेजातली जुनी पेन्सिलची चित्रं पसरून बसले होते. शहरातल्या प्रदर्शनवाल्यांना ती हवी होती, आणि उद्या सकाळच्या गाडीनं ती जायची होती. आता अमृतरावांच्या चित्रांत झाड नसतं की जमीन नसते, नुसते रंग आणि आकार. गावातली मंडळी तोंडावर 'लय भारी' म्हणत आणि पाठीमागं चित्राची वरची बाजू कोणती यावर पैज लावत. ही जुनी चित्रं मात्र साधीसुधी होती. माळ, बांध, कडुलिंबाची झाडं, गावाभोवतीची काळी रानं.

"त्या साली आमच्या मेंढ्या तुमच्याच रानात बसल्या होत्या," भिवराबाई म्हणाली. "तुमी दिसभर बांधावर बसून काढायचा. आमचे मालक तितंच असायचे. एखाद्या कागदात आले असतील."

मालक म्हणजे तिचा नवरा, ग्यानबा.

"मी माणसं काढत नव्हतो, भिवराबाई. नुसती जमीन."

"बघू तर द्या, भाऊ. तीस वर्साखाली गेले. एक बी फोटो न्हाई. आता तर मला त्यांचं तोंड बी आठवंना झालंय."

हे तिनं इतकं सरळ सांगितलं, की अमृतराव चष्मा सावरत तिच्याजवळ सरकून बसले.

ती एकेक कागद डोळ्यांशी नेऊ लागली. ही व्यंकटरावाची पड जमीन, ह्या विहिरीत आमची गाभण मेंढी पडली होती, हा बांध आता राहिलाच न्हाई. अमृतराव ही नावं कधीच विसरून गेले होते. एका कागदावर उभी काळी रेघ दिसली तेव्हा ती थबकली. मग म्हणाली, "खोड हाय," आणि कागद खाली ठेवला.

माणूस कशातच नव्हता. राहिलेले कागद कमी होत चालले तसं अमृतरावांना अपराध्यासारखं वाटू लागलं. तो माणूस तेव्हा रोज समोरून गेला असेल. आणि आपण तो बाजूला व्हायची वाट बघितली असेल, म्हणजे जमीन नीट काढता यावी.

शेवटच्या कागदावर गुडघाभर ज्वारीचं शेत होतं. शेताच्या मधोमध एक गडद ठिगळ, आणि कोपऱ्यात सरांची लाल शाई, 'हा डाग कसला?' अमृतरावांनी तो कागद मागं घ्यायला हात पुढं केला.

"हे फसलेलं आहे. पेन्सिल जास्त दाबली गेली."

भिवराबाईनं कागद सोडला नाही.

"फसलं न्हाई भाऊ. ही मेंढ्या बसलेली जागा हाय. उन्हाळ्यात जाळी लावून मेंढ्या कोंडायचो, लेंड्या पडायच्या. मंग पुढं तेवढ्याच जागंत जवारी जोर धरायची. बघा की, कशी काळीभोर दिसायलीय." तिचं बोट ठिगळाच्या कडेनं फिरत गेलं आणि एका कोपऱ्यावर थांबलं. तो कोपरा आत दबलेला होता. "आन ही चौथी मेख. मालकाचा एक पाय अधू. जाळीच्या तीन मेखा नीट ठोकायचे. चौथीपस्तोर पाय भरून यायचा, मंग आतच ठोकून मोकळे व्हायचे. लोकं हासायची. असा कोपरा दुसऱ्या कुणाचा न्हाई."

अमृतराव त्या कोपऱ्यावर वाकले.

चाळीस वर्षं ते एकच आकार रंगवत होते. चौकोन, एक कोपरा आत ओढलेला. त्यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुणी त्याला मौन म्हटलं, कुणी न उघडलेलं दार. अमृतराव सगळ्यांना मान डोलवत, कारण तो कोपरा आत का जातो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सरळ करून बघितला की चित्रात जीव राहत नसे, एवढंच त्यांना कळत होतं.

त्यांनी घरातून आपल्या चित्रांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि तिच्या मांडीवर उघडलं. निळा चौकोन, शेंदरी चौकोन, पांढऱ्यावर पांढरा. भिवराबाई पान उलटायची, आणि प्रत्येक पानावर तिचं बोट आधी त्या कोपऱ्याशी जायचं. पानं संपत नव्हती.

"ही समदी कुठं असतात?" तिनं विचारलं.

"दिल्लीला आहेत. मुंबईला आहेत. दोन जर्मनीत."

तिनं पुस्तकावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"एवढ्या लांब," ती हळू आवाजात म्हणाली, "चालत कसे गेले असतील, त्या पायानं?"