शांत खोली

टेबलाखाली स्टीलचा ग्लास खणकन पडला. स्क्रीनवर माझी फाइल गप्प वाचत बसलेल्या पुण्याच्या साहेबांनी मान वर केली.

कोरोनापासून मी दिग्रसहूनच काम करते. पण आता कंपनीचा नियम बदलला. ज्यांच्या घरी कामाला शांत खोली आहे त्यांनीच घरून काम करायचं, बाकीच्यांनी पुण्याला यायचं. माझं काय ते साहेब आजच्या कॉलवर ठरवणार होते. पुण्याला जायचं म्हणजे आईला 'याडी' म्हणणाऱ्या माझ्या चार वर्षांच्या ईश्वरीला सासूबाईंजवळ ठेवून जायचं.

ती आत्ता टेबलाखालीच होती. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून या खोलीत ती नेहमी रांगतच येते-जाते. "लेकरू चालाले शिकलं, अन् तू त्याले पुन्हा रांगाले लावलं," असं सासूबाई मला हसून ऐकवतात.

"राठोड मॅडम, आवाज कशाचा? घरात लहान मूल आहे का?"

"नाही सर. मांजर आहे."

टेबलाखालून लगेच "म्याऊ" आलं.

साहेब हसले. "बरं. तुम्ही घरूनच करा काम."

कॉल बंद झाला. मी ईश्वरीला बाहेर ओढलं, मांडीवर घेतलं आणि तिचे धुळीचे गुडघे पदरानं पुसले. पोरगी खुशीत होती.

"म्याऊ चांगलं केलं ना मी?"

"लय चांगलं केलं, बाई."

मग तिनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

"याडी, आपल्या घरी मी आहो, हे साहेबाले कवा सांगशीन?"