हट्टी स्क्रू

उद्या मूस हरणाच्या शिकारीला निघायचं आणि तावेत्तीच्या जुन्या, लष्कराच्या लिलावातून आणलेल्या रायफलीचा एक स्क्रू काही हलेना. तेल पाजून पाजून हात थकले.

"तापल्याशिवाय नाही सुटायचा तो. सौनाच्या गरम वाफेत घेऊन बसा," हिल्का नवऱ्याला म्हणाली. "आणि एकट्याचं काम नाही हो. एकाने रायफल धरायची, दुसऱ्याने स्क्रू पिळायचा."

दुसरा म्हणजे त्यांचा मुलगा एरो. जंगलाचा तुकडा विकण्यावरून भांडण झाल्यापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

"त्याला सांग, घट्ट धर म्हणावं," बाप गुरगुरला.

"त्यांना सांग, मला कळतं," मुलगा फणकारला.

दोघे वाफेत शिरले. बाहेर हिल्काचा पाय ठरेना. कॉफी उकळून कडू झाली. ती सौनाच्या दारापाशी जाई, कान देई, देवाचं नाव घेऊन परत फिरे.

अखेर लालबुंद होऊन दोघे बाहेर आले.

"सुटला का हो?"

"तो केव्हाच सुटला," तावेत्ती म्हणाला. "पण हा पोरगा बोलायचा थांबेल तर ना!"



कालच त्या स्क्रूत पिळलेल्या गोंदाची रिकामी नळी हिल्काने हळूच चुलीत टाकली.