माळ्यावरचे कंद

खोक्यात नुसती वाळू होती. आनंदीबाईंनी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. बोटांना राख लागली, कंद एकही लागला नाही.

डेलियाचे ते कंद त्यांच्या लेकीनं, दिशानं लावले होते. ती तापानं गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून होळीनंतर झाडं सुकली की आनंदीबाई कंद उकरायच्या, राख चोळून कोरड्या वाळूत पुरायच्या आणि खोकं माळ्यावर चढवायच्या. वरोर गावच्या पावसाळी हवेत डब्यातलं मीठ पाणी सोडतं, तिथं कंदांची काय कथा! दर आठवड्याला वर चढायचं, वाळू हलवायची, कुजलेलं कापायचं, पुन्हा राख लावायची. दसऱ्यानंतर कंद परत वाडीत. फुलांचा आनंद केव्हाच सरला होता, उरलं होतं ते नुसतं जपणं. गेल्या पावसात शिडीवरून पडून मनगट मोडलं, ते अजून ठणकायचं. तरी सोडवत नव्हतं. हे कंद गेले की दिशाच्या हातचं घरात काहीच उरणार नव्हतं.

आता ते गेले होते. आनंदीबाईंना आधी वाटलं ते हलकं. मग त्या हलकेपणाचीच भीती वाटली.

शिडी धरायला त्यांचे यजमान गोविंदराव नेहमी खाली उभे असायचे. आज हाका मारूनही ते आले नव्हते. बाई एकट्याच चढल्या होत्या, एकट्याच उतरल्या.

स्वयंपाकघरात विनिता पानं वाढत होती. वैशाखात लग्न होऊन आलेली सून, तिची या घरातली पहिलीच ऋषिपंचमी. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. हातानं लावलेलं, हातानं खणलेलं, तेवढंच चालतं. चुलीवर ऋषीची भाजी रटरटत होती. अळू, माठ, मक्याची कणसं, आणि मधूनमधून कंदांच्या फोडी.

"आई, बसा ना. बाजारातलं काही आणलंच नाही बघा. माळ्यावरचे घरचे कंद घातलेत." ती कौतुकाची वाट बघत होती.

आनंदीबाई भिंतीला टेकल्या. ओरडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. "माळ्यावरचे कंद तुला कुणी दिले?"

"बाबांनीच काढून दिले सकाळी."

गोविंदराव पानावर बसले होते, मान खाली घालून. वरीच्या भाताला त्यांनी हातही लावला नव्हता.

"फेकायला हात धजला नाही," ते म्हणाले. "म्हटलं, दिशाचे आहेत, सणाच्या भाजीत जाऊ देत. एक लेक गेली. आता तू कधी पडतेस ते बघत शिडीखाली उभं राहवत नाही मला."

विनिताच्या हातातली पळी तशीच राहिली. कंद कुणाचे होते, ते तिला आत्ता कळलं होतं. आनंदीबाईंनी तिच्या हातून पळी घेतली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्यासमोर येऊन बसल्या. आपल्या पानात भाजी वाढून घेतली. मग पळी पुन्हा भरली.

"तुम्हीही घ्या," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिडी तुम्हीच धरलीत."