हायब्रीड अंबाडी

त्र्याहत्तर साली सायखेड्यात ज्वारीपासून कोंबडीपर्यंत सगळंच हायब्रीड झालं होतं, मग खंडेरावाचा गांजा तरी मागे का राहील? अंबाडीच्या आडोशाला लावलेल्या त्या झाडांतले नर तो सकाळी सकाळी उपटत होता, कारण नर राहिला की मादीला बी धरतं आणि नशा पळते. तेवढ्यात बांधावर नवे फौजदार येऊन उभे राहिले.

“हे काय लावलंय रे?”

“अंबाडी, साहेब.”

फौजदारांनी पान चुरगळून नाकाशी धरलं. “अंबाडीला पिकल्या आंब्याचा वास?”

“हायब्रीड हाय ना, साहेब. आई इथली, बाप सातपुड्यातला.”

“असं? मग हीच पानं तोडून भाजी करायला सांग. खाऊनच बघतो.”

खंडेरावाच्या बायकोनं, बायडाबाईनं, त्या पानांना लसणाची फोडणी घातली. जेवण होऊन तासभर झाला आणि फौजदार म्हशीकडे बघून पोट धरधरून हसायला लागले. मग पुन्हा तीन भाकरी मागून खाल्ल्या, आणि बाजेवर आडवे झाले ते ऊन उतरल्यावरच उठले. खंडेराव तोवर हात जोडून उभाच.

“झकास आहे तुझी अंबाडी,” टोपी नीट करत फौजदार म्हणाले. “दोन रोपं मातीसकट जीपमध्ये ठेव. घरामागे लावतो.”

खंडेरावाचा जीव भांड्यात पडला. तो घाईघाईनं रोपं काढायला वाकला, तर मागून आवाज आला.

“नर देऊ नकोस.”