दाजीनं केलेला कामठा

कामठ्याला कुंकू लावताना गोदूचं बोट मध्येच थांबलं, ते वेणूनं पाहिलं.

दसऱ्याची दुपार होती. देवापुढे विळा, कोयता, मिठागरातलं फावडं, सगळं घासूनपुसून मांडलेलं. त्यातच दाजीनं नवा केलेला, बाण मारायचा बांबूचा कामठा. संध्याकाळी कोन गावच्या वेशीवर चिंचेला कोहळा टांगायचे आणि ज्याचा बाण त्याला लागेल तो पालखीला पहिला खांदा द्यायचा. आजवर हा मान दाजीचा. पण पावसाळ्यात बांधावरून पडून त्याचा खांदा निखळला, म्हणून औंदा धाकटा भाऊ जगन उभा राहणार होता.

जगनला कामठा करून दिला तोही दाजीनंच. वेणूच्या मनाला हेच खात होतं. स्वतःचा मान गेलेला माणूस दुसऱ्याच्या हातात असं हौसेनं हत्यार देईल कशाला? परसात दाजी बांबू तासायचा, वाकवून कानाशी धरायचा, पुन्हा तासायचा. वेणूनं नवऱ्याला सांगूनही पाहिलं, "थोरले फार पातळ करतात हो."

"पातळ नाय केला तर वाकंल कसा?" जगन हसला. "तुला दादाच्या ताटातला भातपण काळा दिसतो."

जाऊबद्दलही वेणूला तसंच वाटायचं. गोदू पनवेलची, देवळामागच्या आळीत वाढलेली. बोलणं हळू, चालणं हळू. नवरात्रात एकवेळ जेवायची आणि अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही असा तिचा नेम. "रेशनवर साखर मिळत नाय ती का?" वेणू शेजारच्या ठमाबाईला म्हणायची. "समदी आमच्या अक्काच्या जिभेवर हाय."

आता मात्र गोदू बोलत नव्हती. कामठ्याच्या वरच्या अंगाला एकाच जागी ती कुंकू चोळत होती. ओठ हलत होते.

"काय पुटपुटता, अक्का?"

"देवीचं नाव घेते."

अंगणातून जगनची हाक आली. वेणूनं कामठा उचलला, तशी गोदूनं तिचा पदर धरला. चेहरा पांढरा पडला होता. उपासाचा असेल, वेणूला वाटलं.

"वेणू, कामठा वाढलाय. भावोजींना आठवणीनं सांग हं. दिवा शांत होईपर्यंत मला इथून उठता येत नाही."

"सांगते."

अंगणात जगननं दोरी चढवली, एकदा हलकेच ओढून पाहिली.

"अक्का बोलतात, कामठा वाढलाय," वेणू म्हणाली.

"वाढणारच. बांबू सुकला का जोर धरतो." जगन खूश झाला. "बग, घरात बसून वयनीला कळतं. आणि दादा बोलतो, गालापाशी सोड, कानाच्या मागं नेऊ नको."

"का नेऊ नको?"

"त्याला विचार."

वेणूला विचारायची गरज वाटली नाही. थोरल्याला धाकट्याचा बाण लांब जायला नको होता, हे उघडच होतं.

वेशीवर सगळा गाव जमला होता. जगनचा पहिला बाण कोहळ्याच्या हातभर खालून गेला. पोरं हसली. दाजी बाजूला उभा होता, दुखरा हात छातीशी धरून.

"गालापाशी, जगन," तो म्हणाला. "जोर नको करू."

जगननं बायकोकडे पाहिलं. वेणूनं मान हलवली. ओढा.

त्यानं दोरी गालापर्यंत आणली, तिथून कानापर्यंत, कानाच्याही मागं. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. कामठ्याचं वरचं अंग उडालं आणि जगन दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला. बोटांमधून रक्त येत होतं.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरनं बांबूचं कुसळ काढलं. उजवा डोळा काही राहिला नाही.

जगनला घरी आणलं त्या दिवशी वेणूनं कामठ्याचे दोन्ही तुकडे सासऱ्यापुढे टाकले. "आबा, ही मोड बगा. एकानं तासून पातळ केला, आन दुसरीनं कुंकू चोळून काय केलं ते देवीलाच ठावं. यांना नाय तर मला पाठवा. एका छपराखाली आमी नाय रायचो."

म्हाताऱ्या बळीरामानं तुकडे हातात घेऊन पाहिले. दाजीकडे वळला.

"केला मीच," दाजी म्हणाला. "जपूनच केला होता."

गोदू फक्त वेणूकडे बघत राहिली, समोरच्याच्या झाकल्या मुठीकडे बघावं तशी. चोराच्या मनात चांदणं, वेणूनं मनात म्हटलं. म्हाताऱ्यानं धाकट्याच्या डोळ्यावरची पट्टी पाहिली आणि थोरल्याला वेगळी चूल मांडायला सांगितली.

रोडपालीला गोदूचा भाऊ होता. गाडी दारात लागली. दाजीनं भांडी चढवली, बिछाना चढवला. गोदू बाहेर येईना, म्हणून वेणू आत गेली. गोदू देव्हाऱ्यापुढे उभी होती.

"बैल ताटकळलेत, अक्का."

"निघते. सगळ्यांसमोर विचारलं नाही, आता विचारते." तिचा आवाज तसाच हळू होता. "माझा निरोप तू भावोजींना दिला नाहीस ना?"

वेणू भडकली. "दिला. शब्दाला शब्द दिला."

"देवीसमोर सांगतेस?"

"हो. कामठा वाढलाय, असं सांगितलं."

"मग तरी त्यांनी ओढला कसा?"

"कसा म्हंजे? तुमीच तर चढवलात त्यांना." वेणूनं तिचं मनगट धरलं. "आमच्या घरातला उजेड नेलात, वरून मलाच विचारता?"

गोदूनं हात सोडवून घेतला, तो चौकटीवर आपटला. हिरवी काच जमिनीवर विखुरली. गोदूनं मनगट पदराखाली घेतलं आणि ती खाली वाकून तुकडे वेचायला लागली.

"हलू नकोस, वेणू, पायात जाईल," ती म्हणाली. "बांगडी वाढलीय माझी."